साधा उपाय, समजणारा उपाय : प्रोग्रामेबल एडिटर वापरताना



आपल्या शाळेतून बाहेर पडलेली अनेक मुले-मुली आज संगणकाच्या क्षेत्रात काम करीत आहेत. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांपैकीही कित्येकांचा ओढा तिकडेच आहे. संध्याकाळच्या वेळी संगणक कक्षात या मुलांसोबत बसणारे आम्ही काही माजी विद्यार्थी आहोत. मराठी टंकलेखन, मजकुराची दुरुस्ती आणि त्यानंतर प्रोग्रामिंगची ओळख, असा आमचा साधारण क्रम असतो. हे करताना एक प्रश्न वारंवार समोर येतो. हातातले साधन आपल्या सोयीप्रमाणे बदलता येत असेल, तर ते किती बदलावे? प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे. विषय संगणकाचा असला तरी ज्यांनी कधी प्रोग्राम लिहिलेला नाही, अशा वाचकांनाही तो समजावा, असा आमचा प्रयत्न आहे.

प्रोग्रामेबल एडिटर म्हणजे काय?

एडिटर म्हणजे संगणकावर मजकूर लिहिण्याचे आणि दुरुस्त करण्याचे साधन. बहुतेक एडिटर जसे मिळतात तसेच वापरावे लागतात. काही एडिटर मात्र असे आहेत, की त्यांचे वागणे वापरणारा स्वतः बदलू शकतो. एखादी कळ दाबली असता काय घडावे, एखादा शब्द आपोआप कसा पूर्ण व्हावा, ओळींची मांडणी कशी व्हावी, हे सर्व छोट्या छोट्या सूचना लिहून ठरविता येते. अशा एडिटरांत ईमॅक्स आणि विम ही दोन नावे सर्वांत प्रसिद्ध आहेत. ईमॅक्सला लिस्प या भाषेच्या एका रूपात सूचना देतात, तर विमची स्वतःची वेगळी भाषा आहे. दोन्ही विनामूल्य मिळतात, दोन्ही जुन्या संगणकांवरही नीट चालतात आणि दोन्ही साध्या मजकुराच्या फाइली लिहितात. त्या फाइली आणखी वीस वर्षांनीही कोणत्याही संगणकावर उघडता येतील.

विमविषयी एक गोष्ट निवासी शाळेच्या वाचकांनी मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे. नेदरलँड्सचे ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ साली हा एडिटर लोकांसमोर आणला आणि २०२३ मधील आपल्या निधनापर्यंत त्याची देखभाल केली. त्यांनी त्याची किंमत घेतली नाही. ज्यांना हे साधन उपयोगी वाटेल त्यांनी युगांडातील किबाले येथील मुलांच्या केंद्राला मदत करावी, एवढेच आवाहन त्यांनी केले. विम उघडला की पहिल्याच पडद्यावर युगांडातील गरीब मुलांना मदत करण्याविषयीची ओळ दिसते, ती त्यामुळेच.

प्रत्येकाचा एडिटर वेगळा

ईमॅक्सचा जन्मच आपल्या विषयाशी जोडलेला आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत टेको नावाचा एडिटर वापरीत असत. त्यात आज्ञांचे संच, म्हणजे मॅक्रो, लिहून ते कळांना जोडण्याची सोय झाली. सोय उत्तम होती. परंतु प्रत्येकाने आपापल्या आवडीचा वेगळा संच तयार केला. परिणामी एकाच्या यंत्रावर दुसरा बसला की त्याला काही उमगेनासे झाले, कारण तीच कळ येथे एक काम करी आणि तेथे दुसरेच. तेव्हा गाय स्टील यांनी हे निरनिराळे संच एकत्र आणून त्यांत सुसंगती आणण्याचे काम हाती घेतले. रिचर्ड स्टॉलमन यांनी ते पुढे नेले आणि १९७६ साली ईमॅक्स तयार झाला. त्याचे नावच मुळी ‘एडिटर मॅक्रो’ या शब्दांवरून आले आहे. जो कोणी त्यात सुधारणा करील त्याने ती सर्वांना परत द्यावी, अशी अपेक्षा त्या वेळी घातली गेली. आज वापरला जाणारा जीएनयू ईमॅक्स स्टॉलमन यांनी १९८४ साली लिहावयास घेतला.

बदलता येणे ही शक्ती खरी, पण ती एकट्याच्या सोयीपुरती वापरली तर शेजारी बसलेल्या माणसालाही आपले काम समजत नाही, हे अशा रीतीने अर्ध्या शतकापूर्वीच दिसून आले होते. आपल्या संगणक कक्षात तर एकाच यंत्रावर दिवसभरात अनेक विद्यार्थी बसतात. येथे हा मुद्दा अधिकच लागू पडतो.

उपायांच्या पायऱ्या

एखादी अडचण आली की लगेच प्रोग्राम लिहावयास बसू नये, असे आम्ही मुलांना सांगतो. उपायांच्या पायऱ्या आहेत. खालच्या पायरीवर काम होत असेल तर वर चढण्याचे कारण नाही.

पहिली पायरी म्हणजे हाताने करणे. काम एकदाच करावयाचे आणि दहा मिनिटांचे असेल, तर ते करून मोकळे व्हावे. दुसरी पायरी म्हणजे हवी ती सोय एडिटरमध्ये आधीपासून आहे का, हे पाहणे. उदाहरणार्थ, ओळींचे क्रमांक दाखविण्यासाठी ईमॅक्सचे लोक पूर्वी निरनिराळी जोडसाधने वापरीत आणि त्यांतील काही मोठ्या फाइलीत फार संथ चालत. २०१८ साली आलेल्या २६ व्या आवृत्तीत ही सोय मूळ एडिटरमध्येच वेगवान रूपात आली. देवनागरी लिहिण्यासाठी लागणारी इन्स्क्रिप्ट पद्धतही ईमॅक्समध्ये आधीपासूनच आहे. ती वेगळी बसवावी लागत नाही. तिसरी पायरी म्हणजे एखादी मांडणी बदलणे, जसे अक्षराचा आकार किंवा ओळीची लांबी. हे एका ओळीचे काम असते.

चौथी पायरी संक्षेपाची. वारंवार येणारा लांब शब्द दोन-तीन अक्षरांत लिहावा आणि एडिटरने तो पूर्ण करावा, ही सोय दोन्ही एडिटरांत आहे. पाचवी पायरी मॅक्रो नोंदविण्याची. आपण एकदा ज्या कळा दाबतो त्या एडिटर लक्षात ठेवतो आणि पुन्हा तशाच दाबून दाखवितो. ईमॅक्समध्ये एफ ३ ही कळ दाबली की नोंद सुरू होते, एफ ४ दाबली की थांबते आणि पुन्हा एफ ४ दाबली की तेच काम पुन्हा होते. यासाठी कोणतीही भाषा शिकावी लागत नाही. एवढ्याने भागले नाही तरच सहावी पायरी, म्हणजे स्वतः लहानसे फंक्शन लिहिणे. त्याही पलीकडे दुसऱ्याने लिहिलेले मोठे जोडसाधन बसविणे.

आमच्या अनुभवाप्रमाणे शाळेच्या आणि संस्थेच्या कामातील बहुतेक गरजा पहिल्या पाच पायऱ्यांवरच भागतात.

नावांच्या यादीचे उदाहरण

समजा, स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची तीनशे नावांची यादी करावयाची आहे. शाळेच्या नोंदवहीत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. छापावयाच्या यादीत आडनाव शेवटी हवे आहे. प्रत्येक ओळ हाताने बदलावयास दहा सेकंद लागले, तर तीनशे ओळींना तीन हजार सेकंद, म्हणजे पन्नास मिनिटे लागतील. मॅक्रोने हे काम फारच लवकर होते. ओळीच्या सुरुवातीस जावे, पहिला शब्द कापावा, ओळीच्या शेवटी जाऊन एक जागा सोडून तो चिकटवावा आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीस यावे, एवढी कृती एकदा नोंदवावी व उरलेल्या ओळींवर चालवावी.

परंतु प्रत्यक्ष यादी इतकी सरळ नसते. काही नावांमागे ‘आयु.’ लिहिलेले असते, काहींमागे ‘कालकथित’ असते. काही ठिकाणी केवळ नाव आणि आडनाव आहे, वडिलांचे नाव नाही. काही विवाहित भगिनींनी दोन्ही आडनावे दिलेली असतात. हुशार विद्यार्थ्याला येथे मोह होतो, की हे सर्व प्रकार ओळखणारा एक प्रोग्रामच लिहावा. तो लिहितो. मग नवा प्रकार सापडतो, म्हणून आणखी एक अट घालतो. दोन संध्याकाळी जातात. शेवटी प्रोग्राम इतका गुंतागुंतीचा होतो, की तो बरोबर चालतो आहे की नाही हे तपासण्यासाठी तीनशेही नावे पुन्हा वाचावी लागतात.

साधा उपाय असा : आधी यादीची वर्णानुक्रमे जुळणी करावी. एडिटरमध्ये त्यासाठी एकच आज्ञा आहे. त्यामुळे ‘आयु.’ने आणि ‘कालकथित’ने सुरू होणाऱ्या ओळी आपोआप एकत्र येतात. त्या उचलून वेगळ्या ठेवाव्यात. ज्या ओळींत तीनहून कमी किंवा अधिक शब्द आहेत त्याही शोधून वेगळ्या कराव्यात. उरलेल्या सरळ ओळींवर मॅक्रो चालवावा आणि वेगळ्या काढलेल्या ओळी हाताने, एकेक पाहून कराव्यात. यात यंत्राला सोपे काम मिळते आणि जेथे विचार लागतो तेथे माणूस बसतो.

हे वेळ वाचविण्यापुरते नाही. स्मरणिकेतले नाव ही त्या कुटुंबाच्या घरी जपून ठेवली जाणारी गोष्ट असते. हयात व्यक्तीच्या नावामागे ‘कालकथित’ छापले गेले, किंवा दिवंगत पित्याचे नावच गळले, तर त्याचे दुःख शुद्धिपत्राने भरून निघत नाही. अशा ओळींवर माणसाची नजर फिरलीच पाहिजे. सर्व काही यंत्रावर सोपविणारा उपाय नेमकी तीच नजर बाजूला सारतो.

‘शाळा’ आणि ‘विद्यालय’

शोधून बदलण्याची आज्ञा सर्वांना ठाऊक असते आणि तिच्यातही हाच धोका असतो. एखाद्या लेखात ‘शाळा’ या शब्दाऐवजी सर्वत्र ‘विद्यालय’ हवे आहे, असे समजा. एका आज्ञेने सर्व बदलावयास जावे, तर ‘प्रयोगशाळा’चे ‘प्रयोगविद्यालय’ होते आणि ‘धर्मशाळा’चे ‘धर्मविद्यालय’. उलट ‘शाळेत’, ‘शाळेचा’ ही रूपे तशीच राहतात, कारण विभक्ती लागताना मूळ शब्दच बदललेला असतो. शिवाय ‘आपली शाळा’चे ‘आपली विद्यालय’ होऊन लिंगही चुकते. तेथे ‘आपले विद्यालय’ हवे.

या सर्व गोष्टी जाणणारी आज्ञा लिहावयाची म्हणजे मराठी व्याकरणाचा मोठा भाग प्रोग्राममध्ये आणावा लागेल. त्याची गरज नाही. दोन्ही एडिटरांत प्रत्येक ठिकाणी थांबून ‘बदलू का?’ असे विचारणारा पर्याय आहे. आधी ‘शाळा’ आणि मग ‘शाळे’ शोधावे, प्रत्येक ठिकाणी वाक्य वाचावे आणि होय किंवा नाही सांगावे. पन्नास ठिकाणे असली तरी काम पाच-दहा मिनिटांत होते आणि ते शेवटी बरोबर असते.

मजकूर सरळ करावा, साधन वाकवू नये

मराठी मजकुराच्या काही अडचणी खरोखर तांत्रिक आहेत. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतील ऱ्य संगणकात दोन प्रकारे साठविला जाऊ शकतो. युनिकोडमध्ये, ज्याची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली, ‘ऱ’ या अक्षराला स्वतंत्र स्थान आहे. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की ते मिळते, त्याला हलन्त चिन्ह आणि ‘य’ जोडला की हवे ते जोडाक्षर होते. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त चिन्ह, न दिसणारे एक जोडचिन्ह आणि ‘य’ असा क्रम असतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. म्हणून एका प्रकारे लिहिलेला ‘दुसऱ्या’ शोधला की दुसऱ्या प्रकारे लिहिलेला सापडत नाही.

येथे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे एडिटरच्या शोधण्याच्या आज्ञेतच बदल करून तिला दोन्ही प्रकार एकच मानावयास शिकविणे. हा बदल मग प्रत्येक संगणकावर, प्रत्येक नव्या आवृत्तीत सांभाळावा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे सर्वांनी एकाच प्रकारे लिहावे असे ठरविणे आणि जुन्या फाइलींत एकदाच शोधून बदल करणे. आम्ही दुसरा मार्ग सुचवितो. मजकूर एकदा सरळ झाला, की साध्यातले साधे साधनही त्यावर चालते.

जुन्या स्मरणिकांचा प्रश्न थोडा अधिक अवघड आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी छपाईसाठी जे फॉन्ट वापरले जात, त्यांत देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेले असत. प्रत्येक कंपनीची जुळणी वेगळी होती. त्यांत ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर येई, कारण डोळ्यांना तसे दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी ‘क’ आणि मग वेलांटी साठविली जाते. ‘धर्म’मधील रफारही जुन्या फॉन्टमध्ये ‘म’च्या नंतर येई आणि युनिकोडमध्ये ‘म’च्या आधी येतो. हे सारे आपल्या एडिटरमध्ये स्वतः नव्याने लिहीत बसणे श्रेयस्कर नाही. एखाद्या पानाचा मजकूर असेल तर तो पुन्हा टंकलिखित करावा. पुस्तकभर मजकूर असेल तर त्या फॉन्टसाठी तयार असलेले रूपांतराचे साधन वापरावे आणि आधी ‘कीर्ती’, ‘क्षितिज’, ‘ज्ञान’, ‘स्मृती’, ‘वाऱ्यावर’, ‘ऑक्टोबर’ अशा दहा-बारा अवघड शब्दांवर ते तपासून पाहावे. मुद्रितशोधन मात्र कोणत्याही मार्गाने टळत नाही.

उसनी मांडणी आणि नवा शिकणारा

आता आम्हाला सर्वाधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ईमॅक्स किंवा विमसाठी अनुभवी लोकांनी लिहिलेल्या शेकडो ओळींच्या तयार मांडण्या इंटरनेटवर सहज मिळतात. नवा विद्यार्थी त्यातील एखादी उचलून आपल्या संगणकावर ठेवतो. पडदा सुंदर दिसू लागतो. पुढे एक दिवस एडिटर उघडताना चुकीचा संदेश येतो आणि त्यातले एक अक्षरही त्याला समजत नाही, कारण त्यातली एकही ओळ त्याने लिहिलेली नसते.

ज्याच्या घरी संगणक आहे आणि विचारावयास जाणते माणूस आहे, तो यातून मार्ग काढतो. ज्याच्या घराण्यात संगणकासमोर बसणारा तोच पहिला आहे, तो विद्यार्थी मात्र दोष साधनाला देत नाही, स्वतःला देतो. ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असे म्हणून तो मागे सरतो. वास्तविक त्याच्या बुद्धीत काही उणे नसते. त्याच्या डोक्यावर दुसऱ्याचे ओझे ठेवलेले असते. म्हणून आमच्या वर्गात आम्ही एक नियम पाळतो. मांडणीच्या फाइलीत अशी कोणतीही ओळ नसावी, जिचा अर्थ विद्यार्थी स्वतःच्या शब्दांत सांगू शकत नाही. सुरुवातीस ती फाइल पाचच ओळींची असली तरी चालेल. त्या पाच ओळींचा तो मालक असतो.

फाइल लहान असण्याचा आणखी एक फायदा आहे. काही बिघडले की दोष शोधणे सोपे जाते. प्रथम ईमॅक्स कोणतीही वैयक्तिक मांडणी न वाचता सुरू करावा. तशी सोय त्यात आहे. तरीही अडचण राहिली तर दोष आपल्या फाइलीत नाही. अडचण नाहीशी झाली तर फाइलीतील निम्म्या ओळी तात्पुरत्या बंद कराव्यात आणि पुन्हा पाहावे. दोष ज्या निम्म्या भागात आहे त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. स्वतंत्र अशा चौसष्ट ओळी असतील तर बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन, एक असे करीत सहा वेळांत दोषी ओळ हाती लागते. मात्र ओळी एकमेकींवर अवलंबून असतील, एकीने ठरविलेले दुसरी बदलत असेल, तर ही सोपी रीत चालत नाही. म्हणून प्रत्येक बदल स्वतंत्र असावा आणि तो काढून टाकला तरी बाकीचे चालू राहावे.

पुढच्या पाळीसाठी

एकलहरे येथील वाचकांना हे सांगण्यासाठी दूरचा दाखला शोधावा लागत नाही. येथील औष्णिक विद्युत केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, आणि वीजकेंद्राचे काम पाळ्यांमध्ये चालते. अशा ठिकाणी एका पाळीने यंत्रावर काय केले याची नोंद वहीत होते आणि ती वाचून पुढची पाळी काम हाती घेते. आपल्याला लक्षात आहे, एवढे तेथे पुरत नाही. पुढे येणाऱ्यालाही ते कळले पाहिजे.

शाळेचे संगणकावरील कामही पाळीचेच आहे. आज जो विद्यार्थी यादी सांभाळतो तो दहावी झाल्यावर वसतिगृह सोडून जाणार. जो माजी विद्यार्थी स्मरणिकेची अक्षरजुळणी करतो त्याची उद्या बदली होणार. त्याने केलेला उपाय कितीही कौशल्याचा असला, तरी तो त्याच्याबरोबर निघून जात असेल तर संस्थेच्या हाती काही राहत नाही. अनेक संस्थांत असे घडते, की एकाच जाणत्या माणसाला कळणारी व्यवस्था तो गेल्यावर बंद पडते आणि मागचे लोक पुन्हा कोऱ्या कागदापासून सुरुवात करतात.

यासाठी फार काही करावे लागत नाही. मांडणीतील प्रत्येक बदलाच्या वर तो का केला हे मराठीत एका ओळीत लिहावे. दोन्ही एडिटरांत अशी टीप लिहिण्याची सोय आहे. एकदाच वापरलेला मॅक्रो काम झाल्यावर टाकून द्यावा. तो सांभाळून ठेवू नये. मूळ कळांचे ठरलेले अर्थ शक्यतो बदलू नयेत, म्हणजे येथे शिकलेले मूल कोणत्याही दुसऱ्या संगणकावर बसले तरी अडणार नाही. वर्षातून एकदा, उन्हाळी सुट्टीपूर्वी, संपूर्ण फाइल वाचावी आणि वर्षभरात ज्या ओळीचा उपयोग झाला नाही ती काढून टाकावी. मूळ एडिटरमध्ये नव्याने आलेल्या सोयीमुळे एखादा जुना बदल अनावश्यक ठरला असेल, तर तोही काढावा. विमच्या २०१६ मधील आठव्या आवृत्तीत जोडसाधने बसविण्याची सोय मुळातच आली, तेव्हा त्यासाठी वेगळे साधन ठेवण्याची अनेकांची गरज उरली नाही.

शेवटी, साधेपणा म्हणजे अज्ञान नव्हे, हेही सांगितले पाहिजे. कधी कधी मोठा प्रोग्राम लिहावाच लागतो आणि तो लिहिण्याची क्षमता आपल्या मुलांत यावी, अशीच आमची इच्छा आहे. खालच्या पायऱ्या ज्याने नीट पाहिल्या आहेत, त्याला वर केव्हा चढावयाचे हे कळते. ज्या माजी विद्यार्थ्यांना या कामाचा अनुभव आहे, त्यांनी सुट्टीच्या दिवशी संगणक कक्षात येऊन एखादी संध्याकाळ मुलांसोबत बसावे, ही नम्र विनंती. येताना आपली मोठी मांडणी आणू नये. तिच्यातली रोज कामी येणारी एक ओळ आणावी आणि ती मुलांना समजावून सांगावी.